शिक्षकांचे दूरप्रशिक्षण : उपग्रहापासून मोबाईलपर्यंत

बीड शहराला प्रवासी रेल्वेगाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जिल्ह्यातल्या परळीला निजामाच्या राजवटीपासून रेल्वे आहे. पण जिल्ह्याच्या मुख्य गावाला मात्र इतकी वर्षे वाट पाहावी लागली. ही गाडी येण्याच्या चार वर्षे आधीच आष्टी, पाटोदा, धारूर अशा तालुक्यांतले माध्यमिक शिक्षक हातातल्या फोनवर दिल्लीत तयार झालेला प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळवत होते. रुळांच्या आधी रेडिओलहरी पोहोचल्या होत्या.

मोबाईलवरचे प्रशिक्षण ही कोरोनाच्या साथीने आणलेली नवी गोष्ट आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. खरे तर दूर बसलेल्या शिक्षकाला विज्ञान शिकवण्याच्या प्रयत्नांना आपल्या देशात पन्नास वर्षे झाली. त्यात यशही आहे आणि विस्मरणही आहे. हा इतिहास मी शोधू लागलो तो एका प्रश्नामुळे. तो प्रश्न आधी सांगतो.

एक राहून गेलेला प्रश्न

२०२१ साली माध्यमिक शाळांतील जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी झालेल्या एका ऑनलाईन वर्गात मी व्याख्याता होतो. विषय होता दहावीचा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ. वेळ दीड तास. सुमारे दोनशे शिक्षक जोडलेले होते, पण मला दिसत होती ती फक्त नावे. मी डार्विन, जिराफाची मान, इंग्लंडमधले काळे-पांढरे पतंग असे सारे नेहमीचे सांगितले. मध्येच चॅटमध्ये गेवराई तालुक्यातल्या एका सरांचा प्रश्न आला : "आमच्याकडे बीटी कापसावर बोंडअळी मरत नाही. हे या धड्यात सांगितले तर चालेल का?"

मी म्हणालो, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी आभारप्रदर्शन झाले, उपस्थितीचा अर्ज भरण्याची सूचना झाली आणि वर्ग बंद झाला. चॅटही त्याबरोबर गेला. त्या सरांचे नाव मी टिपून घेतले नव्हते. उपस्थितांचा आकडा मात्र आयोजकांकडे नोंदला गेला.

त्या रात्री माझ्या ध्यानात आले की माझ्या दीड तासाच्या व्याख्यानापेक्षा तो एका ओळीचा प्रश्न मोलाचा होता. इंग्लंडमधल्या पतंगाची गोष्ट मी चित्रावरून सांगत होतो. गेवराईच्या विद्यार्थ्यांच्या शेतात तीच गोष्ट प्रत्यक्ष घडत होती. ती मला शिक्षकांकडून कळली आणि मी ती ऐकली नाही.

दहा फुटी अँटेना

आता १९७५ कडे वळू. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. त्यानुसार नासाचा 'एटीएस-६' हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. हाच 'साइट' प्रयोग. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फूट व्यासाची अँटेना गावात उभी राही. सकाळी शाळेसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी असे रोज चार तास कार्यक्रम असत.

महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. मात्र कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. यांपैकी गुलबर्गा व रायचूर हे १९५६ पर्यंत बीडसारखेच हैदराबाद राज्याचे भाग होते. तोच कोरडवाहू मुलूख आणि शाळांची तीच आबाळ. त्यामुळे तिथे काय झाले हे मराठवाड्यातल्या शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

साइटमधला एक भाग आज फारसा कुणाला आठवत नाही. त्या वर्षात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचे बारा-बारा दिवसांचे दोन प्रशिक्षणवर्ग घेण्यात आले. दोन्ही मिळून सुमारे ४८ हजार शिक्षक त्यांत सामील झाले. एका वेळी इतक्या शिक्षकांना शिकवण्याचा हा देशातला पहिलाच मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. पण तो नुसता दूरदर्शनवर सोडलेला नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्यासाठी पुरे साहित्य तयार केले होते. पडद्यावरचा कार्यक्रम होता, जोडीला रेडिओचा पाठ होता, छापील कृतिपुस्तिका होती आणि प्रत्येक केंद्रावर गट चालवणारा एक शिक्षक होता. कार्यक्रम संपला की पडदा बंद करून शिक्षक स्वतःच्या हातांनी प्रयोग करत आणि मग चर्चा करत.

म्हणजे आज ज्याला आपण मिश्र पद्धतीचे प्रशिक्षण म्हणतो, ते १९७५ मध्ये जाळीच्या अँटेनाखाली होऊन गेले होते. इस्रोने मानवशास्त्राचे अभ्यासक काही गावांत मुक्कामाला ठेवले होते. पाठवलेल्या कार्यक्रमाचे गावात नेमके काय होते, हे केंद्राला कळावे यासाठी ही योजना होती. उपग्रहाची वाट एकाच दिशेची होती. येणारी वाट माणसांनी तयार केली.

त्याच सुमारास इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठाने हीच अडचण आपल्या परीने सोडवली. १९६९ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ १९७१ पासून रेडिओ आणि दूरदर्शनवरून शिकवू लागले. मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्याला टपालाने प्रयोगांची पेटी घरी येई. त्या पेटीत प्लास्टिकचा एक छोटा सूक्ष्मदर्शकही असे. शिवाय स्वाध्याय तपासून शेरे लिहिणारा मार्गदर्शक नेमलेला असे.

खिरोदा आणि होशंगाबाद

उपग्रहाशिवायही त्या दशकात दोन महत्त्वाचे प्रयत्न झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञान आणि गणित शिक्षणाचा प्रकल्प चालवला. केंद्राचे प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून एक साधी पण मोलाची गोष्ट पुढे आली. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली, तर मुलांची विज्ञानातली प्रगती सुधारते. मुलांना जे अवघड जाते ते प्रत्येक वेळी विज्ञानच असते असे नाही. पुष्कळदा ती भाषा असते. वर्गात जाऊन, शिक्षकांशी बोलूनच अशा गोष्टी कळतात.

दुसरा प्रयत्न मध्य प्रदेशातला. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत 'होशंगाबाद विज्ञान' सुरू झाले. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरले आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने ते पुढे नेले. त्यात टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ होते. सुटीतले प्रशिक्षण तर होतेच, पण कार्यक्रमाचा कणा होता तो शिक्षकांची मासिक बैठक. महिनाभरात कोणता प्रयोग फसला, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, हे शिक्षक तिथे मांडत. त्यावरून 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तके सुधारली गेली. मुले 'सवालीराम' या नावाने पत्रे पाठवत आणि त्यांना उत्तरे मिळत. २००२ मध्ये हा कार्यक्रम शासकीय निर्णयाने बंद झाला. तीस वर्षे तो टिकला, यात पोस्टकार्डाचा आणि सतरंजीवरच्या बैठकीचा वाटा मोठा होता.

बालचित्रवाणी ते एज्युसॅट

महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्याला 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली. २०१७ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघू लागल्या. बीड जिल्ह्याची संस्था अंबाजोगाईला आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी सांभाळून बी.एड. करण्याची सोय झाली. पुस्तके घरी वाचायची आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जमायचे, ही पद्धत अनेक वाचकांनी स्वतः अनुभवलेली असेल.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' सोडण्यात आला. केवळ शिक्षणासाठी असलेला हा आपला पहिला उपग्रह. त्याच्या प्राथमिक चाचणीसाठी निवडलेल्या विद्यापीठांत नाशिकचे मुक्त विद्यापीठही होते. एज्युसॅटची केंद्रे दोन प्रकारची होती. एका प्रकारच्या केंद्रावर फक्त पाहता येई. दुसऱ्या प्रकारच्या केंद्रावरून व्याख्यात्याला प्रश्नही विचारता येई. साहजिकच फक्त पाहण्याचे केंद्र स्वस्त पडे आणि प्रश्न विचारण्याचे महाग. प्रश्नाला उपकरणाच्या किमतीत मोजण्याची वेळ तेव्हा प्रथमच आली. हा उपग्रह सप्टेंबर २०१० मध्ये सेवेतून निवृत्त झाला.

बारास एक

यानंतरचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे संगणकीय व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत असा प्रयोग करणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये 'निष्ठा' ही प्रशिक्षण योजना प्राथमिक शिक्षकांसाठी समोरासमोरच्या वर्गांनी सुरू झाली होती. साथीमुळे २०२० मध्ये ती दीक्षावर आली. २९ जुलै २०२१ रोजी माध्यमिक शिक्षकांसाठी तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला.

या दुसऱ्या टप्प्याची रचना जीवशास्त्राच्या शिक्षकांनी नीट पाहावी. प्रत्येक शिक्षकाला बारा घटक सर्वांना समान होते आणि एक घटक त्याच्या विषयाचा होता. विषयाचा घटक 'विज्ञान' या नावाखाली. म्हणजे त्या तेरापैकी एका घटकात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे अध्यापन बसवायचे. समान घटक निरुपयोगी होते असे मी म्हणत नाही. त्यांची गरज होती. पण जीवशास्त्राच्या वाट्याला काय आले, हे गणित साधे आहे.

त्याच काळात या विषयाचे ओझे वाढले होते. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ मध्ये पेशीविज्ञान, मूलपेशी, जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आहेत. १९९०च्या सुमारास बी.एस्सी. झालेल्या शिक्षकाने यातले बरेचसे कॉलेजात शिकलेले नाही. अनेक शाळांत विज्ञानाचा शिक्षक मुळात गणिताचा किंवा भौतिकशास्त्राचा असतो. अशा शिक्षकाला प्रशिक्षणाची निकड आहे. दूरवरून देता येण्याजोगे प्रशिक्षण त्याला हवेच आहे. नाहीतर पाटोद्याहून पुण्याला किती जण आणि किती वेळा जाणार? माझी तक्रार माध्यमाबद्दल नाही. पाहणे, चाचणी देणे आणि प्रमाणपत्र घेणे एवढ्यावर ते थांबले, तर आपण १९७५ च्याही मागे जातो, इतकेच मला सांगायचे आहे.

जीवशास्त्राच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, याला कारण आहे. ओहमचा नियम दिल्लीत आणि बीडमध्ये सारखाच शिकवता येतो. वनस्पती, कीटक आणि जमिनी मात्र गावोगाव वेगळ्या असतात. पडद्यावर प्रकाशसंश्लेषणासाठी हायड्रिला दाखवतात. दुष्काळाच्या वर्षी बालाघाटाच्या माथ्यावर हायड्रिला कुठून आणायची? तिथे पालकाच्या पानाच्या चकत्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात घालून, सिरिंजने त्यांतली हवा काढून, उन्हात त्या वर तरंगताना दाखवता येतात. सहजीवन शिकवायला तूर, हरभरा किंवा सोयाबीनचे रोप मुळासकट उपटावे आणि मुळावरची गाठ ब्लेडने कापावी. आतला गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. हे सांगायला त्या भागातले शेत ठाऊक असलेला माणूस लागतो आणि तो माणूस म्हणजे बहुधा प्रशिक्षणार्थी शिक्षकच असतो.

गेवराईच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या सरांचे उत्तर, उशिरा का होईना. होय सर, जरूर सांगा. उत्क्रांतीच्या पाठाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक घातलेले होते. त्यामुळे झाडात अळीला मारक असे प्रथिन तयार होते. २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. २००९ च्या हंगामात गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात या अळीने दोन जनुकांच्या कापसाचेही मोठे नुकसान केले. ते वर्ष कापूस पिकवणारे कोणतेही घर विसरलेले नाही.

अळीने विष 'पचवायला शिकून घेतले' असे मुले म्हणतील. ते चूक आहे आणि तिथेच शिकवण्याची संधी आहे. लाखो अळ्यांत प्रतिकार करणारे जनुक असलेल्या मोजक्या अळ्या आधीपासून असतात. हे जनुक बहुतांशी अप्रभावी असते. ते आई आणि बाप दोघांकडून आले तरच अळी तगते; एकाकडूनच आले तर ती मरते. बीटीच्या शेतात इतर मरतात, या तेवढ्या उरतात. त्यांचे पतंग एकमेकांतच मिलन करतात आणि पुढची पिढी जवळजवळ सारी प्रतिकारक्षम निघते. मेंडेलचा तक्ता फळ्यावर मांडला की हे मुलांना दोन मिनिटांत समजते.

बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी बियाणे का देत असत, तेही याच तक्त्यावरून कळते. ते शेताच्या कडेने लावायचे. त्यावर साध्या अळ्या जगतात. त्यांच्या पतंगांचे प्रतिकारक्षम पतंगांशी मिलन झाले, तर पिल्लांना ते जनुक एकाकडूनच मिळते आणि ती बीटीवर मरतात. बहुतेक ठिकाणी हे बियाणे लावलेच गेले नाही. शिवाय फरदड घेतल्याने अळीला जास्तीच्या पिढ्या मिळाल्या. ही अळी प्रामुख्याने कापसावरच जगते, हेही मुलांना सांगावे.

हा पाठ पुस्तकातून वर्गाबाहेर नेता येतो. फुलोऱ्याच्या काळात मुलांनी शेतात डोमकळ्या मोजाव्यात. नंतर वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. त्यांत २ किंवा अधिक बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले, तर कीड धोक्याच्या पातळीला पोहोचली असे मानतात. कामगंध सापळा असेल तर रोजचे पतंग मोजावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात ८ पतंग ही धोक्याची खूण. घरच्या शेतासाठी उपयोगी पडणारा हा विज्ञानाचा प्रयोग आहे.

आपल्याला काय करता येईल

माझी सूचना लहान आहे. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात जीवशास्त्र शिकवणाऱ्या आठ-दहा शिक्षकांनी महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसावे. ऑनलाईन प्रशिक्षणाचा एक भाग एकत्र पाहावा, मग पडदा बंद करावा आणि त्यातला एक प्रयोग स्थानिक वस्तू घेऊन करून पाहावा. जे जमले नाही किंवा समजले नाही, ते पाच प्रश्नांत लिहावे. ते प्रश्न अंबाजोगाईची प्रशिक्षण संस्था, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापक यांच्यापर्यंत पोहोचवावेत. पूर्वी पोस्टकार्डाला आठ दिवस लागत. आता फोनवरून बोंडाचा फोटोही क्षणात जातो. साइटच्या काळात येणारी वाट तयार करणे अवघड होते. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि माझ्यासारख्या व्याख्यात्यांनीही एक नियम पाळावा. दीड तासाचा वर्ग असेल, तर पहिला अर्धा तास शिक्षकांच्या प्रश्नांसाठी ठेवावा. प्रश्न आधी मागवावेत, लिहून घ्यावेत आणि विचारणाऱ्याचे नाव व गाव त्यांपुढे लिहावे. त्या दिवसापासून मी वही जवळ ठेवूनच वर्गाला बसतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी नावाची जागा मोकळी सोडली आहे आणि पुढे लिहिले आहे : गेवराई, बोंडअळी. ते सर हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्या शाळेतल्या मुलांनी फोडलेल्या २० बोंडांचा हिशेब मला कळवावा.